आफ्रिकी हस्तकलेला नागपूरच्या घरात जागा देताना

घराच्या सजावटीत ‘आफ्रिकन लुक’ हवा, अशी मागणी हल्ली नागपुरातही वरचेवर ऐकू येते, आणि तिचा अर्थ बहुतेक वेळा तपकिरी भिंत, झेब्र्याच्या पट्ट्यांचे अभ्रे आणि दारासमोर टांगलेला एक लाकडी मुखवटा एवढाच असतो. घरसजावटीची कामे सुरू केली तेव्हा मीही अशी एक खोली सजवून दिली होती. घरमालकाच्या आईने कौतुकाने एकेका वस्तूवर हात ठेवत ती कुठली, कोणी केली आणि तिकडे तिचे काय करतात, असे विचारले, तेव्हा एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तेव्हापासून मी एक क्रम पाळते: आधी वस्तूचे नाव, मग तिचे मूळचे काम, आणि त्यानंतर घरातली तिची जागा.

आफ्रिकेत ५४ देश आहेत. पैठणी, नागा शाल आणि काश्मिरी पेपर-माशेचा डबा एका भिंतीवर मांडून त्याला कोणी ‘भारतीय लुक’ म्हटले तर आपल्याला जसे खटकेल, तसेच मालीचे कापड, रवांडाची टोपली आणि कॅमेरूनचे पिसांचे शिरोभूषण एकत्र करून त्याला नुसते ‘आफ्रिकन’ म्हणणे तिथल्या माणसाला खटकते. म्हणून एका खोलीसाठी एकाच प्रदेशातील एक मुख्य वस्तू निवडावी, तिला पुरेशी मोकळी जागा द्यावी, आणि उरलेली खोली आपल्याच घरातील, आपल्याच भागातील वस्तूंनी भरावी. या पद्धतीने खर्च कमी होतो हा फायदा आहेच. पण एकाच तंत्राने घडलेल्या दोन दूरच्या वस्तू शेजारी आल्या की दोघींकडेही नव्याने पाहिले जाते, याचे मोल मला अधिक वाटते.

कापडापासून सुरुवात करावी

पहिली खरेदी कापडाची असावी, असे मी सगळ्यांना सांगते. कापड हलके असते, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत मावते, आणि खोलीचा रंग बदलला तरी त्याची जागा बदलता येते. त्यातही मालीतील बामाना लोकांचे बोगोलानफिनी हे कापड आपल्या घरांना विशेष शोभते, कारण त्याचे काळा, पांढरा आणि मातकट तपकिरी हे रंग सागवानी लाकूड, कडप्पा आणि कोटा फरशी या आपल्याकडच्या नेहमीच्या साहित्याशी सहज जुळतात. त्याच्या नावातच त्याची कृती आहे: बोगो म्हणजे माती, लान म्हणजे तिच्या योगाने, आणि फिनी म्हणजे कापड.

ही कृती जवळून समजून घेण्यासारखी आहे. पुरुष हातमागावर सुताच्या अरुंद पट्ट्या विणतात, त्या कडेला कड शिवून मोठे कापड करतात, आणि त्यानंतरचे काम परंपरेने स्त्रियांकडे जाते. न्गालामा नावाच्या झाडाच्या पानांच्या काढ्यात कापड भिजवले की ते पिवळे होते. या पानांत तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, भरपूर असते. नदीच्या किंवा तळ्याच्या तळची लोहयुक्त माती मडक्यात बराच काळ आंबवून ठेवलेली असते. ती या पिवळ्या कापडावर काडीने किंवा ब्रशने लावली की मातीतील लोह आणि पानांतील टॅनिन यांचा संयोग होऊन पक्का काळा रंग धरतो, आणि वरची माती धुऊन टाकली तरी तो जात नाही. इथे नक्षी रंगवली जात नाही, तर नक्षीभोवतीची जागा रंगवली जाते. शेवटी न रंगवलेल्या पिवळ्या रेषांवर दाहक साबणाचे मिश्रण लावून त्यांचा रंग उडवतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा उमटतात. चूक झाली तर खोडता येत नाही, म्हणून प्रत्येक रेषेत हात किती ठाम होता ते दिसते.

यातले न्गालामाचे झाड आपल्याला अगदी परके नाही. ज्याच्या डिंकाचे लाडू आपल्याकडे बाळंतिणीला देतात, तो मेळघाट आणि गडचिरोलीच्या जंगलांतील धावडा त्याचा सख्खा भाऊबंद आहे. आपल्याकडच्या छापील कापडांतही हिरड्याचे तुरट पाणी आणि लोखंडाचे पाणी यांच्या संयोगानेच काळा रंग मिळवत आले आहेत. बोगोलान भिंतीवर लावल्यावर पाहुण्यांना सांगायला एवढी एक गोष्ट पुरते.

पूर्वी शिकारी हे कापड अंगावर घालत, आणि बाळंतपणासारख्या नाजूक काळात स्त्रिया ते संरक्षण म्हणून पांघरत. नक्षीतील चिन्हांना नावे आणि अर्थ होते, आणि ते आईकडून मुलीकडे जात. १९७८ साली बामाकोत सहा तरुण कलाकारांनी ‘ग्रुप बोगोलान कासोबाने’ स्थापन करून या तंत्राने चित्रे काढायला सुरुवात केली, आणि क्रिस सेदू या मालीच्या वेशकाराने तेच कापड पॅरिसच्या फॅशनपर्यंत नेले. त्यामुळे आज बाजारात दिसणारे बोगोलान हे संग्रहालयातील जुनी गोष्ट नसून चालू परंपरा आहे, आणि तिच्यात नवे नमुने येणे स्वाभाविक आहे.

खरेदी करताना मात्र हातचे कापड आणि गिरणीचे छापील कापड यांतील फरक ओळखता आला पाहिजे. कापड उलटे करून पाहावे. हातचे असेल तर साधारण चार ते सहा इंचांच्या पट्ट्या जोडल्याच्या शिवणी दिसतात, सूत जाडेभरडे लागते, आणि एकच आकृती दोनदा आली तरी ती तंतोतंत सारखी नसते. छापील असेल तर शिवणी नसतात आणि आकृत्या ठरावीक अंतराने जशाच्या तशा पुन्हा येतात. छापील अभ्रे घेण्यात काही गैर नाही, रोजच्या वापराच्या उशांना तेच बरे. पण दुकानदार त्याला मालीचे हातचे काम म्हणून विकत असेल तर ती किंमत देऊ नये.

भिंतीवर असे कापड खिळ्यांनी कधीही ठोकू नये, कारण सगळे वजन चार बिंदूंवर येते आणि पट्ट्यांच्या शिवणी तिथेच उसवतात. गांधीबागेतून साधे मांजरपाट आणावे, ते रात्रभर पाण्यात भिजवून आटवून घ्यावे, आणि त्याची कापडाच्या रुंदीएवढी, तीन इंच उंचीची पट्टी कापावी. या पट्टीवर व्हेल्क्रोची मऊ बाजू मशीनवर शिवावी आणि मग ती पट्टी बोगोलानच्या मागच्या बाजूला वरच्या कडेने हातशिलाईने जोडावी. सुई धाग्यांच्या मधून जाऊ द्यावी, धागा टोचून फाडू नये, आणि प्रत्येक शिवणीपाशी दोन टाके अधिक घालावेत. सुताराकडून दोन इंच रुंदीची, कापडापेक्षा एक इंच आखूड अशी सागाची पट्टी घ्यावी, तिला पॉलिश करून पंधरा दिवस पूर्ण वाळू द्यावे, तिच्यावर व्हेल्क्रोची खरखरीत बाजू स्टेपल करावी, आणि ड्रिलने भोके पाडून, गिट्टी बसवून ती पट्टी भिंतीला स्क्रूने घट्ट करावी. आता कापड नुसते दाबले की बसते आणि ओढले की निघते. पोळ्याला, दिवाळीला घर झाडताना ते काढून ठेवणे सोपे जाते, आणि वजन संपूर्ण रुंदीवर सारखे वाटले जाते.

बाजारात ‘आफ्रिकन प्रिंट’ म्हणून जे भडक रंगांचे सुती कापड मिळते, ते वॅक्स प्रिंट होय. त्याचा इतिहास ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. जावा बेटावरील बाटिकची नक्कल डच कारखान्यांनी यंत्रावर केली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्या कापडाला पश्चिम आफ्रिकेत मोठी बाजारपेठ मिळाली; नेदरलँड्समधील हेल्मंड येथील व्लिस्को ही १८४६ पासूनची कंपनी आजही ते बनवते. तिथल्या बाजारांतील स्त्रियांनी त्या नमुन्यांना स्वतःची नावे आणि अर्थ दिले आणि ते कापड आपले करून घेतले. हे रोजच्या वापराचे कापड आहे, त्यामुळे ते कापायला संकोच नको. जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्यांच्या गाद्या मढवायच्या असतील तर १८ इंचांच्या गादीला दुमडण्यासह २३ इंच चौरस तुकडा लागतो. कापडाचा पन्हा साधारण ४६ इंच असल्याने एका ओळीत दोन तुकडे निघतात आणि सहा खुर्च्यांना दोन वार पुरते. मोठी आकृती प्रत्येक खुर्चीच्या मधोमध आणायची असेल तर तीन वार घ्यावे. बाकी खोली अशा वेळी साधी ठेवावी.

घानाच्या आसांते आणि एवे लोकांच्या केंते कापडाची गोष्ट वेगळी आहे. कुमासीजवळचे बोनविरे हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. सुमारे चार इंचांच्या पट्ट्या विणून त्या जोडतात, प्रत्येक नमुन्याला नाव असते, आणि सणासमारंभात मानाने ते पांघरतात. २०२४ साली युनेस्कोने या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आजीचा शालू कापून आपण पायपुसणे करत नाही, त्याच न्यायाने हाताने विणलेल्या केंतेचे अभ्रे शिवू नयेत. एखादी सुटी पट्टी मिळाली तर ती चौकटीत बसवावी किंवा लांब टेबलावर मधोमध पसरावी. काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील कासाई प्रदेशाच्या कुबा कापडालाही हेच लागू आहे. राफिया ताडाच्या पानांच्या तंतूंचे मूळ कापड पुरुष विणतात, स्त्रिया त्यावर मखमलीसारखी कापलेली भरतकामाची नक्षी करतात, आणि असे कापड मृताबरोबर पुरण्याची परंपरा आहे. चित्रकार मातिसच्या संग्रहात अशी अनेक कापडे होती आणि ती त्याच्या कामाच्या खोलीत भिंतीवर टांगलेली असत. हे तंतू कोरड्या हवेत ठिसूळ होतात, म्हणून कुबा कापडाची घडी कधीच घालू नये, ते गुंडाळूनच ठेवावे.

मुखवट्यांविषयी माझे मत

मुखवटा ही सर्वांत अधिक मागितली जाणारी आणि मी सर्वांत कमी सुचवणारी वस्तू आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत मुखवटा म्हणजे नुसता लाकडी चेहरा नसतो. त्याला जोडलेला गवताचा किंवा कापडाचा पूर्ण वेश, तो घालणारी व्यक्ती, ढोलाचा ठेका, आणि तो बाहेर काढण्याचा ठरलेला दिवस, हे सगळे मिळून तो पूर्ण होतो. काही मुखवटे तर ठरावीक लोकांशिवाय इतरांनी पाहायचेही नसतात. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातील मुखवट्यांचा असाच मान आहे. नागपूरकराला तर याहून जवळचे उदाहरण देता येईल. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत निघते, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक घरातली रोगराई, इडापिडा तिच्याबरोबर पाठवतात आणि शेवटी तिचे दहन करतात. त्या मारबतीचा चेहरा परदेशातील कोणी दिवाणखान्यात शोभेसाठी टांगला, तर आपण त्याला काय सांगू, याचा विचार करावा आणि मगच मुखवट्याचा निर्णय घ्यावा.

याचा अर्थ मुखवटा घेऊच नये असा नाही. आज आफ्रिकेतील कारागीर विक्रीसाठीच मुखवटे कोरतात, त्यावर त्यांचा संसार चालतो, आणि असा नवा मुखवटा नवा म्हणून घेणे सर्वांत स्वच्छ व्यवहार होय. टाळायचा तो ‘अस्सल जुना, विधीत वापरलेला’ असे सांगून विकला जाणारा. तो खोटा असेल तर फसवणूक आणि खरा असेल तर तो मुळात तिथून निघायलाच नको होता. १८९७ साली ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातील बेनिन राज्याचा राजवाडा लुटून नेलेल्या हजारो पितळी आणि हस्तिदंती कलाकृतींपैकी काही नायजेरियाला परत द्यायला जर्मनीने २०२२ मध्ये सुरुवात केली. सव्वाशे वर्षांनंतर होत असलेली ही परतफेड पाहता आपल्या घरी तसल्या प्रश्नाची वस्तू आणू नये.

आसनांचा विचारही याच दृष्टीने करावा. आसांते लोकांचे एकाच ओंडक्यातून कोरलेले, वर किंचित वाकलेल्या बैठकीचे आसन आकाराने इतके सुंदर असते की त्याचे साइड टेबल करण्याचा मोह होतो. तिथे मात्र आसन माणसाच्या आत्म्याशी जोडलेले मानतात. सुवर्णासन हे तर साऱ्या आसांते राष्ट्राचे प्राण. ब्रिटिश गव्हर्नरने १९०० साली ते बसण्यासाठी मागितले तेव्हा याआ आसांतेवा नावाच्या राजमातेच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटले. आपण घरी ठेवतो ते बाजारासाठी केलेले असते, त्यावर बसायला हरकत नाही, पण कुंडी ठेवून पाण्याचे डाग पाडू नयेत. वापर नसताना असे आसन आडवे करून ठेवण्याची तिथे रीत आहे, आणि कोपऱ्यात तसे ठेवलेले आसन उभ्यापेक्षा अधिक देखणे दिसते, असा माझा अनुभव आहे.

टोपल्या आणि पितळ

भिंतीवर टोपल्या मांडण्याची पद्धत सध्या सर्वत्र दिसते आणि ती चांगली आहे, कारण टोपली हलकी, स्वस्त आणि निगेला सोपी असते. झांबेझी नदीच्या खोऱ्यातील टोंगा लोकांची टोपली मला सर्वांत प्रिय आहे. तिचा तळ चौकोनी असतो आणि विणत विणत काठाशी ती गोल होते, धान्य पाखडायला आपल्या सुपासारखी ती वापरतात. १९५०च्या दशकात करिबा धरणामुळे सुमारे ५७ हजार टोंगा लोकांना नदीकाठ सोडावा लागला. गोसेखुर्दच्या बुडीत क्षेत्रातून उठलेली गावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या टोपलीविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. रवांडाची टोकदार झाकणाची आगासेके, सिसल आणि गवताची; १९९४च्या नरसंहारानंतर हुतू आणि तुत्सी स्त्रिया एकत्र बसून ती विणू लागल्या, म्हणून तिला शांतीची टोपली म्हणतात. ती टांगायची नसते, फळीवर ठेवायची असते.

मांडणीची कृती अशी. पाच किंवा सात उथळ टोपल्या घ्याव्यात, त्यातील दोन-तीन टोंगा असाव्यात आणि बाकी आपल्या बुरुडांकडून घेतलेले सूप, डाली, परडी असावी. वर्तमानपत्रावर प्रत्येकीचा आकार आखून कापून घ्यावा आणि ते कागद भिंतीवर चिकटपट्टीने लावून दोन दिवस जाता-येता पाहावे. सर्वांत मोठी मधोमध ठेवू नये, थोडी खाली आणि एका बाजूला ठेवावी. दोन टोपल्यांत तीन ते चार बोटे अंतर असावे. संपूर्ण रचनेचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर येऊ द्यावा, आणि घरात दिवाण किंवा भारतीय बैठक असेल तर तो सहा-सात इंच खाली घ्यावा, कारण पाहणाऱ्याचे डोळे तिथे असतात. टांगायला विणीतून नायलॉनचा बारीक दोरा ओवून मागे फास करावा, खिळा विणीतून आरपार कधी घालू नये.

उत्तर घानातील बोल्गातांगाची मोठी टोपली मात्र जमिनीवर शोभते, वर्तमानपत्रे, खेळणी किंवा लोकरीचे गुंडे ठेवायला ती उत्तम. गवताची प्रत्येक काडी उभी चिरून, तिचे दोन भाग एकमेकांभोवती पीळ देऊन मग विणकाम होते, त्यामुळे ती टोपली इतकी घट्ट असते. प्रवासात दाबून आलेली बोल्गा पाहून निराश होऊ नये: चामड्याची मूठ कोरडी ठेवून गवताचा भाग क्षणभर पाण्यात बुडवावा, आत कापडाचे बोळे भरून हाताने आकार द्यावा आणि सावलीत वाळू द्यावी, ती पुन्हा पूर्ववत होते.

पितळाच्या बाबतीत नागपूरकर नशीबवान आहेत. सोने तोलण्यासाठी आसांते कारागिरांनी मेण-साच्याच्या पद्धतीने ओतलेली छोटी वजने, पक्षी, मासे, मगरी, घडे, अशा शेकडो आकारांत मिळत, आणि त्यांच्या प्रतिकृती आजही ओततात. मातीचा गाभा, त्यावर मेण, पुन्हा मातीचे लेपण, मेण वितळवून काढणे आणि त्या पोकळीत पितळ ओतणे, या मार्गाने बस्तरची ढोकरा मूर्ती होते. आसांतेंची छोटी वजने भरीव असल्याने त्यांत गाभा नसतो, एवढाच फरक. सिव्हिल लाइन्समधील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या हस्तकला मेळ्यात ढोकरा काम पाहायला मिळते. एका सागवानी फळीवर बस्तरचा हत्ती आणि त्याशेजारी आसांते पक्षी ठेवावा, दोघांवरच्या मेणाच्या तारांच्या खुणा एका बाजूने येणाऱ्या दिव्याच्या प्रकाशात स्पष्ट होतात. अशा फळीवर तिसरी वस्तू ठेवू नये.

भिंत, रंग आणि उजेड

निळसर झाक असलेला पांढराशुभ्र रंग या वस्तूंना मारक ठरतो. चुन्याचा किंचित पिवळट पांढरा, फिकट मातकट किंवा एका भिंतीपुरता गेरूचा रंग घ्यावा. बुर्किना फासोतील तिएबेले येथे कासेना स्त्रिया मातीच्या भिंतींवर काळ्या, पांढऱ्या, तांबड्या भूमितीय आकृत्या रंगवतात आणि नेरे झाडाच्या शेंगांच्या काढ्याने त्यावर चकाकी व टिकाऊपणा आणतात. तेथील राजवाडा २०२४ साली जागतिक वारसास्थळ झाला. दक्षिण आफ्रिकेच्या एस्थर महलांगू यांनी आई-आजीकडून शिकलेली न्देबेले भित्तिचित्रांची शैली १९९१ मध्ये बीएमडब्ल्यू गाडीवर चितारली. रंगाऱ्याला फोनवरचा फोटो दाखवून ही चित्रे आपल्या भिंतीवर उतरवून घेणे मला पटत नाही. त्याऐवजी भिंतीला चुन्याचा किंवा मातीचा हाताने फिरवलेला गिलावा द्यावा, सारवलेल्या भिंतीसारखा तो पोत आपलाही आहे आणि त्यांचाही.

दिवे उबदार पिवळे, २७०० ते ३००० केल्विनचे घ्यावेत. संग्रहालयांत कापडावर ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात. घरात तेवढे काटेकोर राहता येत नाही, तरी पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत कापडाला देऊ नये. नागपूरचे एप्रिल-मेमधील दुपारचे ऊन दोन उन्हाळ्यांत नीळ उडवते. नायजेरियातील योरुबा स्त्रियांचे आदिरे हे निळीचे कापड मी एका घरी अशाच भिंतीवर लावले होते, आणि वर्षाने ते काढले तेव्हा पडद्याआड राहिलेली चार बोटांची पट्टी गडद आणि बाकीचे कापड राखाडी झाले होते. ते कापड परत मिळण्यासारखे नव्हते.

नागपूरच्या हवेत निगा

आपला खरा शत्रू ऊन नसून कूलर आहे. मार्च-एप्रिलमध्ये हवा अत्यंत कोरडी होते, मग तापमान ४५ अंशांकडे जाऊ लागले की कूलर सुरू होतो आणि खोलीत एकदम ओलावा भरतो, रात्री बंद केला की पुन्हा कोरडे, आणि जूननंतर पावसाळा. लाकूड दर वेळी फुगते आणि आकसते, त्यामुळे कोरीव वस्तूला तडे जातात. टोपल्यांना बुरशी येते. कूलरच्या झोताच्या रेषेत लाकूड, गवत किंवा राफिया कधीही ठेवू नये, आणि टोपली भिंतीपासून अर्धा इंच सुटी राहील असा लहान बूच मागे लावावा. बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नये, त्याने ती पसरते. बाहेर सावलीत नेऊन पूर्ण वाळू द्यावी आणि मऊ ब्रशने झटकावी, नाकाला रुमाल बांधावा.

नव्याने आलेली प्रत्येक लाकडी वस्तू महिनाभर वेगळ्या खोलीत काळ्या कागदावर ठेवावी. खाली पिठासारखी बारीक भुकटी पडू लागली तर आत भुंगा आहे. एका प्रदर्शनातून आणलेल्या आसनात तो होता आणि मला उशिरा कळले, तोवर शेजारच्या बांबूच्या परडीतही तो गेला होता. लहान वस्तू आणि कापड यांसाठी उपाय घरातच आहे: जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावे, डीप फ्रीझरमध्ये पंधरा दिवस ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नये, नाहीतर दव वस्तूवर जमते. मोठ्या वस्तूसाठी जाणकाराला बोलवावे. जमिनीवर ठेवायच्या वस्तूखाली उधळीच्या भीतीने फरशीचा तुकडा असू द्यावा. लाकडाला मोहरीचे किंवा खोबरेल तेल चोळू नये, ते चिकट होऊन धूळ धरते.

भिंतीवरचे कापड धुण्याची गरज सहसा पडत नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून, कमी जोरावर, महिन्यातून एकदा धूळ ओढावी. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवायच्या तर त्या कापडाला न टेकता पुरचुंडीत ठेवाव्यात. दर तीन-चार महिन्यांनी कापड उतरवून, मांजरपाटात गुंडाळून विश्रांती द्यावी आणि त्या जागी आपली एखादी गोधडी लावावी. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, जुन्या साड्यांच्या कवंदी शिवतात. त्यांची शिवण बाहेरच्या कडेपासून आत येत जाते. अशी कवंदी मिळाली तर बोगोलानच्या जागी लावायला तिच्याइतके योग्य काही नाही.

खरेदी आणि नोंद

नैरोबी, दार-एस-सलाम, अक्रा येथे नोकरी-व्यवसायासाठी राहणारे नातेवाईक असतील तर त्यांनाच वस्तू आणायला सांगावे आणि बनवणाऱ्याचे नाव, गाव, साहित्य विचारून यायला सांगावे. ऑनलाइन घेताना हीच माहिती विक्रेत्याला विचारावी. जो नुसते ‘आफ्रिकेतील’ एवढेच सांगतो त्याच्याकडून घेऊ नये. हस्तिदंत कोणत्याही रूपात, जुना असो वा नवा, आफ्रिकेतील असो वा आपला, घेऊ नये; भारतात त्याच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे. वन्य प्राण्यांचे कातडे आणि दात यांनाही हात लावू नये. कॅमेरूनच्या बामिलेके लोकांचे पिसांचे गोल शिरोभूषण घ्यायचे असेल तर पिसे पाळीव कोंबड्यांची आहेत हे लेखी घ्यावे, आणि कस्टममध्ये त्याला अडचण येऊ शकते हे गृहीत धरावे.

वस्तू घरी आली की त्याच दिवशी मांजरपाटाचा तळहाताएवढा तुकडा कापून त्यावर न पुसणाऱ्या शाईने नोंद लिहावी आणि तो वस्तूच्या मागे शिवावा, लाकडी असेल तर सुती दोऱ्याने बांधावा. माझ्या दिवाणखान्यातील टोपलीच्या आतल्या काठाला असा तुकडा आहे. त्यावर लिहिले आहे: बोल्गा टोपली, बोल्गातांगा परिसर, उत्तर घाना, गवत, चामड्याची मूठ, विणणारी स्त्री, नाव मिळाले नाही, विचारायचे आहे.